कानाने ओळखलेला माणूस

रंगमंचावरचा माणूस बदलला की डोळ्यांना दिसतं. केस पिकतात, खांदे उतरतात. श्रुतिकेत यातलं काहीच हाताशी नसतं. मग माणूस बदलला हे कळायचं कसं? त्यासाठी आज एकच मालिका घेतो, ‘वुल्फ ३५९’. गॅब्रिएल उर्बिना यांची ही अमेरिकन पॉडकास्ट श्रुतिका २०१४ ते २०१७ या काळात आली, एकूण ६१ भाग. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना ऐकायची असेल त्यांनी आत्ताच चहाला गेलेलं बरं.

पृथ्वीपासून सुमारे ७.९ प्रकाशवर्षांवर वुल्फ ३५९ हा लाल, मंद तारा खरोखरच आहे. मालिकेत त्याच्याभोवती एक अवकाशस्थानक फिरतंय आणि डग आयफेल तिथला संदेश-अधिकारी आहे. आळशी, बडबड्या, कामचुकार. सुरुवातीला आपण ऐकतो ती त्याची ध्वनिमुद्रित दैनंदिनी. समोर कोणी नसताना तो बोलत असतो आणि आपण हसतो. पुढे दैनंदिनीची ही चौकट हळूहळू गळून पडते, प्रसंग थेट घडू लागतात. म्हणजे आयफेलला आता समोर माणसं आहेत. माझ्या मते त्याच्यातला पहिला बदल हाच, आणि तो संवादांत नाही, रचनेत आहे.

मग कळतं की हा पूर्वी दारूच्या आहारी गेलेला होता. नशेत गाडी चालवताना त्याने अपघात केला आणि त्यात त्याच्या मुलीची श्रवणशक्ती गेली. ज्याचं आपल्यासाठी सगळं अस्तित्वच आवाजात आहे, त्या माणसाची मुलगी त्याला ऐकू शकत नाही! चित्रपटात ही घटना करुण वाटली असती. इथे ती माध्यमाच्याच मुळावर येते. सुरुवातीच्या भागांतली बडबड पुन्हा ऐकून पाहा, विनोद तेच असतात पण हसू येत नाही.

हेरा ही स्थानकाची संगणकीय बुद्धी. बोलताना तिचा आवाज मध्येच तुटतो, अडखळतो. आपण समजतो, यंत्रातला बिघाड. बऱ्याच पुढे उलगडतं, की तिला घडवणाऱ्या बाईंनीच ‘आपल्याला जमणार नाही’ ही भावना तिच्या मनात रुजवून ठेवलेली आहे. आवाज पहिल्या दिवसापासून तोच. बदलतो तो आपला कान.

जाता जाता एक गंमत. आयफेल आणि स्थानकावरचा रशियन शास्त्रज्ञ हिल्बर्ट, दोघांचा आवाज एकाच नटाचा आहे, झॅक व्हॅलेंटी. दोघांचं भांडण रंगतं तेव्हा तो एकटाच भांडत असतो. मला हे कळलं तेव्हा मी ते भाग मुद्दाम परत ऐकले, तरी जोड सापडला नाही.

शेवटी आयफेलची स्मृती पुसली जाते. एकसष्ट भागांत जे कमावलं, ते त्याच्यापाशी उरत नाही. आवाज तोच, नट तोच. स्थानकावरच्या त्याच्या सहकारी मिन्कोव्स्की आणि लव्हलेस, शिवाय हेरा, या तिघी त्याला ओळखतात, आपणही ओळखतो. तो मात्र आपल्यापैकी कोणालाच ओळखत नाही.