जर्नलमध्ये जे दिसतंय तेच काढा

नमस्कार मंडळी. मी बॉटनी शिकवते, विद्यापीठात, आणि आज मला इथं बोलवलंय ते "तुम्ही या लाईनला कशा काय आलात" हे सांगायला. खरं सांगायचं तर ढकलत ढकलतच आले. बारावीला बी ग्रुप घेतला की शेजारपाजारचे आधीच डॉक्टर म्हणून हाक मारायला लागतात, मग मेडिकलची लिस्ट लागते, त्यात आपलं नाव नसतं, आणि बीएस्सीचा फॉर्म भरायला गेलं की खिडकीतला क्लार्कसुद्धा विचारतो, "काय, नंबर नाही लागला का?" आमचा अर्धा वर्ग त्याच गाडीतला होता.

पुढं एमएस्सी झाली, सेट निघाली, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागते ती राज्याची पात्रता परीक्षा, आणि मग सीएचबी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासावर पैसे. तास झाला तर पैसे, दिवाळीची सुट्टी, मे महिना, परीक्षा चालू असतील तेव्हा काही नाही, आणि त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही, तोवर एसटीच्या पासला पैसे घरून मागायचे. दर जूनला परत इंटरव्ह्यू, तीच फाईल, तीच सर्टिफिकेटं, आणि समोर बसलेले तेच सर ज्यांच्या शेजारी आपण वर्षभर डबा खाल्लेला असतो. नेट-सेट झालेल्या कितीतरी मुलामुलींचं आजही हेच चाललंय, आणि मला त्याचा राग आहे, रेडिओवर जेवढा सांगता येतो तेवढा सांगितला.

तरी टिकले ती प्रॅक्टिकलमुळे. लेक्चर काय, कुणीही देईल, आता तर मोबाईलवर आमच्यापेक्षा चांगली मिळतात. पण कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल मोबाईलवर होत नाही. सकाळी मुळांची टोकं कापायची, अगदी शेवटचे एकदोन मिलिमीटर, कारण पेशी विभागायचं काम तिथंच चालतं, मग फिक्स करायची, म्हणजे पेशी आहेत तशाच थांबवायच्या, ॲसिडमध्ये थोडी गरम करायची, ॲसिटोकार्मिनचा लाल रंग द्यायचा, वर कव्हरस्लिप, त्यावर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्यानं दाब. जोरात दाबलं की काच फुटते, हळू दाबलं की पेशी एकावर एक बसतात आणि काही कळत नाही. हा दाब किती तो पुस्तकात लिहिता येत नाही, शेजारी उभं राहूनच शिकवावा लागतो.

आणि मग मजा सुरू होते. पोरं मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, गाईडमधलं चित्र काढतात! कांद्याच्या पेशीत 16 क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, असतात, पण खाली बघून नीट मोजता येतील अशी पेशी सापडायला घाम फुटतो, बहुतेक पेशी नुसत्या स्वस्थ बसलेल्या असतात, आणि यांच्या जर्नलमध्ये मात्र मेटाफेज, ॲनाफेज, पेशी विभागायचे सगळे टप्पे ओळीनं हजर, टापटीप. मी सह्या करत नाही. म्हणते दिसतंय तेच काढ. एकदा एका मुलीनं काळ्या जाड कडेचा छान गोल काढून आणला, खाली लेबल "पेशी", आणि तो होता हवेचा बुडबुडा. मी तिला पूर्ण मार्क दिले. वर्गात एवढीच अशी होती जिनं खाली बघितलं होतं. लेबल काय, नंतर बदलता येतं.

पावसाळा सरत आला की साताऱ्याजवळ कासच्या पठारावर नेते मुलांना. सगळ्यांना फुलांसोबत फोटो पाहिजे असतो, काढू दे बापडे. पण मग कातळावर उकिडवं बसवते आणि सीतेची आसवं दाखवते. निळंजांभळं एवढंसं फूल, आणि खाली ओल्या मातीत बारीक फुगे, त्यात किडे अडकतात आणि झाड ते पचवतं. का? तर कातळावर माती जेमतेम, त्यात पावसानं सगळं धुऊन नेलेलं, नायट्रोजन आणणार कुठून. हे कळलं की मुलं जरा गप्प होतात, लगेच कुणीतरी विचारतं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" चालायचंच.

गाडीत परतताना शंकर पुरुषोत्तम आघारकरांची गोष्ट सांगते. मालवणचा माणूस, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात बायोलॉजी शिकवायचा, आणि सातारच्या बाजूला नदीच्या गोड्या पाण्यात त्याला जेलीफिश सापडला. पुढं कलकत्ता विद्यापीठात बॉटनीचे प्रोफेसर झाले, जर्मनीला शिकायला गेले तर पहिलं महायुद्ध लागलं आणि तिथंच अडकवून ठेवलं त्यांना. आणि 1946 मध्ये पुण्यात संस्था काढली, आज तिला त्यांचंच नाव आहे. मला त्यातला जेलीफिशच जास्त आवडतो. नदी तर सगळेच बघत होते ना.

बरं, आता तुम्हाला होमवर्क. एक जुना कांदा घ्या, ताजा काढलेला नको, तो अजून झोपलेला असतो. ग्लासाच्या तोंडावर बसवा, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. दोनतीन दिवसात पांढरी मुळं येतील. पाणी रोज बदला, नाहीतर वास सुटतो आणि मग घरचे माझ्या नावानं खडे फोडतील.