ट्रफाल्गरहून निसटलेलं जहाज

2 डिसेंबर 1949. पोर्ट्समथ बंदरातून एक म्हातारं लाकडी जहाज टगबोटी ओढत बाहेर नेतायत. वर झेंडे दोन, एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच. म्हणजे नेमकं आहे कोणाचं हे?

दोघांचंही. 1800 साली फ्रान्समधे रोशफोरला ते पाण्यात उतरलं, नाव दुगे-त्रुएँ, तोफा 74. 1805 ला ट्रफाल्गरच्या लढाईत, म्हणजे स्पेनजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमारांत झालेल्या लढाईत, ते होतं, पण फ्रेंचांच्या रांगेत पुढच्या टोकाला, आणि वारा इतका पडलेला की मागे मारामारी पेटली तरी या तुकडीला वळून यायलाच उशीर झाला. शेवटी अॅडमिरल द्युमान्वार चार जहाजं घेऊन सटकला. पण दोनच आठवड्यांनी, 4 नोव्हेंबरला, स्पेनच्या ऑर्तेगाल भूशिराजवळ ब्रिटिशांनी ती चारही पकडली. आपल्या जहाजाचा कॅप्टन तूफे लढतानाच गेला.

आता पकडलेलं जहाज काय कोणी टाकून देतं होय? एवढं जहाज नव्याने बांधायचं तर ओकची किती झाडं तोडायची, त्यात पकडणाऱ्या खलाशांनाही बक्षिसाचा वाटा मिळायचा, सगळेच खुश. डागडुजी केली, नाव दिलं इम्प्लॅकेबल, आणि 1808 मधे बाल्टिक समुद्रात हेच जहाज ब्रिटिशांच्या बाजूने रशियाच्या सेवोलोदवर तुटून पडलं, तेही 74 तोफांचंच. सेवोलोद पडलं, ब्रिटिशांनी जाळून टाकलं. पुढे 1840 ला सीरियाच्या किनाऱ्यावरची मोहीम, आणि 1855 पासून डेव्हनपोर्टला पोरांना खलाशी बनवायची शाळा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लाकूड कुजलेलं आणि ब्रिटनचा खिसा रिकामा. फ्रान्सला विचारलं, तेही नको म्हणाले. मग खोल समुद्रात नेऊन सुरुंग लावले. तळ उडाला, आतलं वजन खाली गेलं, पण वरचा सांगाडा बुडायलाच तयार नाही, तास न् तास तरंगत राहिला, दोन्ही झेंड्यांसकट! लोक भयंकर चिडले, आणि माझ्या मते बरोबरच चिडले.

मागच्या बाजूचं कोरीवकाम आणि नाळेवरचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचं, मेडुसाचं (ग्रीक पुराणातली सापांच्या केसांची बाई) डोकं तेवढं आधी काढून ठेवलं होतं, ते ग्रिनिचच्या म्युझियममधे आहे. आणि पोर्ट्समथला याच्या शेजारी उभं असायचं ते ट्रिंकोमाली, 1817 चं, आपल्या मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं. ते आजही हार्टलपूलला तरंगतंय.