गाड्या मुक्कामी, मंडळी वेरुळात

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गाड्या घेऊन लांबच्या प्रवासाला निघणारी मंडळी आपल्याकडे आता बरीच झाली आहेत. कुणाकडे साठच्या दशकातली फियाट अकराशे असते, कुणाकडे अ‍ॅम्बॅसॅडर मार्क टू, कुणी आजोबांची मॉरिस मायनर जिवापाड जपलेली असते. रस्त्यात लोक थांबवतात, फोटो काढतात, ‘आमच्या काकांकडे अश्शीच होती’ म्हणतात. गाड्यांबद्दल बोलायला सगळेच उत्सुक असतात. मला मात्र आज या प्रवासातल्या अशा एका दिवसाबद्दल बोलायचं आहे, ज्या दिवशी गाड्या हलतच नाहीत. त्या मुक्कामी उभ्या असतात आणि त्यांचे मालक एका मिनीबसमध्ये बसून, गाईडबरोबर गाव बघायला जातात.

या दिवसाची गरज का पडते? कारण जुनी गाडी चालवणाऱ्याला वाटेतलं काही दिसत नाही. पुण्याहून नगर, नेवासे फाटा करत छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणजे जेमतेम अडीचशे किलोमीटरचा रस्ता. जुन्या गाडीला तेवढ्यात दिवस कलतो. एक डोळा रस्त्यावर, दुसरा तापमानाच्या काट्यावर आणि कान इंजिनकडे. ब्रेक ड्रमचे, म्हणून पुढच्या ट्रकपासून अंतर राखायचं. ऊन चढलं की नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि गाडी आचके देत थांबते. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, सावली शोधा. मला या सगळ्यात मनापासून आनंद मिळतो. पण त्या नादात प्रवरासंगमचा पूल येऊन जातो, गोदावरी ओलांडली जाते, काठावरची देवळंही मागे पडतात आणि स्टिअरिंगवरच्या माणसाला त्यातलं काहीच आठवत नाही.

‘मग गाड्या घेऊनच वेरूळला जाऊ की, लेण्यांसमोर फोटो काय सुंदर येतील!’ असं आमच्या गटात कुणी ना कुणी म्हणतंच. माझं मत याच्या विरुद्ध आहे. दौलताबाद सोडलं की खुलताबादकडे घाट चढायचा, वाटेत किल्ल्याचा जुना अरुंद दरवाजा, त्यातून येणारीजाणारी वाहनं. लेण्यांपाशी पोहोचलो तरी मालकाचं अर्धं लक्ष गाडीभोवती जमलेल्या मुलांकडे. तो डोंगरातून कोरून काढलेलं कैलास मंदिर कसं बघणार? शिवाय २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांखाली नोंदलेली गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला नेता येते, पण रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. ती वारसा म्हणूनच वागवायची आहे. तर एक दिवस तिलाही विश्रांती मिळू द्या.

आता गाईडबद्दल. स्थानिक, परवानाधारक गाईड घ्या आणि दिवसाचा क्रम त्यालाच ठरवू द्या. आम्ही आधी वेरूळ आणि परतताना देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, असं ठरवलं होतं. आमच्या गाईडने ते उलटं केलं. म्हणाला, “साहेब, किल्ला चढायचा तो सकाळच्या गारव्यात. आणि वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, दुपारनंतरच उजेड आत शिरतो.” पुस्तकात वाचून हे सुचत नाही. त्यासाठी त्या दगडावरून ऊन सरकताना वर्षानुवर्षं पाहिलेलं असावं लागतं.

देवगिरीवर फार रेंगाळत नाही, कारण तो किल्ला स्वतंत्र भाषण मागतो. चांदमिनार, कातळात खोदलेला खंदक, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं असलेली तोप आणि ती अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखी भुयारी मार्ग. गाईडने आतमध्ये टॉर्च बंद केला आणि शत्रूला इथे कसं गाठत असतील ते हलक्या आवाजात सांगितलं, तेव्हा एरवी अखंड बोलणारी आमची मंडळी गप्प झाली.

वेरूळला दुपारी पोहोचलो ते थेट दहाव्या लेण्यात. एकूण लेणी चौतीस. त्यांतली पहिली बारा बौद्ध आणि त्या बारांत चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, हे एवढंच. लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. आमच्याबरोबर एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे तीसच्या दशकातली विलायती टूरर, म्हणजे उघड्या टपाची गाडी, आहे. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. यांच्या गाडीचा सांगाडा कुजला होता. त्यांनी तो सगळा सागवानात नवा करून घेतला, तासन् तास सुताराशेजारी बसून. ते वरच्या सज्जात गेले, छताच्या कमानी फासळ्या समोरासमोर आल्या आणि ते बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, “या फासळ्या कशाला? दगडाच्या छताला आधार लागत नाही.”

गाईडचा चेहरा उजळला. म्हणाला, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मूळची चैत्यगृहं लाकडी होती, त्यांना फासळ्या लागत. पुढे डोंगरात लेणी कोरली, तरी फासळ्या राहिल्या. कार्ल्याच्या चैत्यात तर खऱ्या लाकडी फासळ्या बसवल्या, त्या दोन हजार वर्षांनी आजही जागेवर आहेत. वेरूळचं हे लेणं सातव्या शतकातलं. इथे लाकूड गेलं, सुताराची रीत मात्र दगडात उतरली. मग त्याने खाली उभं राहून एकच स्वर लावला. तो स्वर त्या फासळ्यांखाली घुमत राहिला. कार्ल्याला मी किती वेळा गेलो असेन, पण वर मान करून लाकडाकडे असं बघितलं ते या दिवसानंतर.

कैलास त्याने आधी वरून दाखवला. शेजारच्या टेकडीच्या कडेला नेलं. मंडपाच्या छतावरचं मोठं कमळ, त्याभोवतीचे चार सिंह, मागे शिखर, सगळं आपल्या पायांच्या पातळीखाली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. खोदकाम वरून खाली झालं, म्हणजे शिखर घडत होतं तेव्हा मंदिराच्या पायाशी कोरलेल्या हत्तींच्या जागी अखंड कातळ होता. खाली उतरल्यावर अंगणाच्या उभ्या भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव दिसतात, बोट फिरावं इतके स्पष्ट. पण हात लावायचा नाही, हे गाईडने बजावलं. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे घाव हलवून सोडतात. आम्ही मोडलेला पार्ट लेथवर नव्याने करून घेतो, चुकला तर पुन्हा करतो. इथे काढलेला दगड परत बसणार नव्हता. आमच्यातले मेकॅनिक सर्वांत जास्त वेळ त्या भिंतीपाशी उभे होते आणि त्यांचे प्रश्न संपत नव्हते: माल बाहेर कुठून काढला, हत्यारांना धार कोण लावत असेल, मापं वरून खाली कशी उतरवली? गाईडला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं आणि जिथे तर्क होता तिथे ‘हा तर्क आहे’ म्हणून सांगितलं. चांगला गाईड मी यावरूनच ओळखतो.

शेवटी बत्तिसाव्या लेण्यात, जैनांच्या इंद्रसभेत गेलो. तिथल्या छताला जुन्या रंगांच्या खुणा अजून आहेत. तिथे घाईने जाऊ नका, तासभर हाताशी ठेवा.

आणि निघायचा वार नीट बघून ठरवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. गाड्या रविवारी पुण्याहून काढल्यात, तर सोमवार वेरूळ-देवगिरीला द्या आणि अजिंठा मंगळवारी ठेवा.