स्पिरिटमधले पाणी

श्रोतेहो, नमस्कार. सुई टोचण्यापूर्वी परिचारिका स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दंडावरून फिरवते, त्वचेला क्षणभर गार लागते आणि तो उग्र वास नाकात शिरतो. त्या बोळ्यात बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, पण ते निखळ नसते. साधारण 70 टक्के अल्कोहोल आणि बाकीचे पाणी असे ते मिश्रण असते. हे पाणी केवळ खर्च वाचवण्यासाठी घातले असावे, असा अनेकांचा समज असतो. त्या पाण्यावाचून जंतू मारण्याचे काम नीट होतच नाही, हे मला आज आपल्याला सांगायचे आहे.

जीवाणू म्हणजे एकच पेशी, आणि तिचा सारा संसार स्निग्ध पदार्थांच्या एका नाजूक दुपदरी पटलाच्या आत सामावलेला असतो. अल्कोहोलच्या रेणूची गंमत अशी, की त्याचा एक भाग पाण्यात रमतो, तर दुसऱ्याची सलगी स्निग्ध पदार्थांशी असते. त्यामुळे तो त्या पटलात सहज घुसतो, त्याची वीण विस्कटतो, आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. पुढचा घाव प्रथिनांवर पडतो. प्रत्येक प्रथिन विशिष्ट घड्या घालून बसलेले असते आणि त्या घड्यांवरच त्याचे काम अवलंबून असते. अंड्यातील पिवळ्या बलकाभोवतीचा पारदर्शक भाग स्पिरिटमध्ये सोडून पाहिला, तर आच न लागताही त्यात पांढरे धागे धरू लागतात. जीवाणूच्या आत तेच घडते. घड्या उलगडतात, प्रथिने साकळतात, पेशीचा कारभार थांबतो.

या घड्या उलगडायला मात्र पाणी लागते. पाणी अगदीच नसेल, तर प्रथिने तितक्या सहजासहजी मोडत नाहीत. शिवाय निखळ अल्कोहोल त्वचेवरून झटकन उडून जाते आणि त्याला काम करायला वेळच उरत नाही. उलट पाणी फार वाढवले आणि अल्कोहोल 50 टक्क्यांच्या खाली गेले, तर त्याचा प्रभाव झपाट्याने घटतो. म्हणूनच जास्त तीव्र ते जास्त गुणकारी, हा आपला नेहमीचा हिशेब येथे लागू पडत नाही.

वेळेचे महत्त्वही तितकेच आहे. हात निर्जंतुक करण्यासाठी हातावर घेतलेले अल्कोहोलचे द्रव बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती आणि नखांच्या कडांशी पोहोचेपर्यंत, सुमारे 20 ते 30 सेकंद, चोळत राहावे लागते आणि ते आपोआप वाळू द्यावे लागते. ओले असतानाच रुमालाने पुसणे म्हणजे औषध अर्ध्यावर काढून घेणे होय. हात चिखलाने किंवा रक्ताने माखलेले असतील, तर आधी साबण आणि पाणीच हवे, कारण मळाखाली दडलेल्या जंतूंपर्यंत अल्कोहोल नीट पोहोचत नाही.

काही जीवाणू मात्र याला दाद देत नाहीत. प्रतिकूल काळात ते जाड कवचाचे बीजाणू बनून निपचित पडून राहतात. काळपुळीच्या (अँथ्रॅक्स या रोगाच्या) बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही, हे जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1881 मध्येच दाखवून दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेने हात निर्जंतुक करण्याच्या द्रवासाठी दिलेल्या कृतीत 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते, ते याचसाठी. ते आपल्या हातांसाठी नसून, द्रव तयार करताना त्यात शिरलेले बीजाणू मारण्यासाठी असते. एका जंतुनाशकाला स्वतःच्या बाटलीसाठी दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

अल्कोहोलला जीवाणूची पेशी आणि माणसाची पेशी यांतला फरकही कळत नाही. आपल्या धडधाकट त्वचेचे त्याच्यापासून रक्षण होते, ते तिचा बाहेरचा थर मुळातच मृत पेशींचा असतो म्हणून. उघड्या जखमेत असे संरक्षण नसते. तेथे स्पिरिट ओतले, की होणारी आग हे औषध लागू पडल्याचे लक्षण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात त्याने जखम भरून काढणाऱ्या जिवंत पेशीही मरतात. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, आणि स्पिरिट लावायचेच झाले तर ते भोवतालच्या अखंड त्वचेपुरतेच लावावे.