सहा बाय सहा, तरी अंधुक

नमस्कार मंडळी. आज डोळ्याकडून मेंदूकडे जाते ना ती नस, ती सुजते त्याबद्दल बोलूया. ऑप्टिक न्यूरायटिस. बहुतेक विशी ते पंचेचाळिशीतली माणसं, त्यात बायका जास्त. आधी डोळा फिरवला की आत दुखतं, मग काही दिवसांत त्या डोळ्याला धुरकट दिसायला लागतं, आणि नंबर वाढला असेल म्हणून आपण चष्म्याच्या दुकानात जातो. त्यापेक्षा बाटलीचं एक लाल झाकण घ्या, एकेक डोळा झाकून बघा, एकाला लालभडक आणि दुसऱ्याला तेच विटकं दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

आता स्टेरॉइड. नाव काढलं तरी घरातले घाबरतात. अमेरिकेत साडेचारशेहून जास्त पेशंटवर यासाठी मोठी ट्रायल झाली, १९९२ मध्ये निकाल आला. तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन आणि पुढे अकरा दिवस गोळ्या, असं ज्यांना दिलं त्यांची नजर लवकर सुधारली, पण सहा महिन्यांनी अक्षरांच्या तक्त्यावर बघितलं तर औषध नसलेल्या गोळ्या घेणारेही जवळपास तिथेच पोचले होते. म्हणजे स्टेरॉइड घाई करतं, बरीचशी दुरुस्ती नस स्वतःच करते. आणि नुसत्या नेहमीच्या डोसच्या स्टेरॉइड गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका, अगदी कळकळीने सांगतो.

पण म्हणून घरी वाट बघत बसू असंही नाही हं. एनएमओ आणि मॉग नावाचे याचे दोन वेगळे प्रकार आहेत, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते असे, एनएमओत तर उशीर झाला की नजर कायमची जाऊ शकते, तिथे कधी कधी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलावा लागतो. कुठला प्रकार आहे हे आपल्याला घरबसल्या कळत नाही, एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर टाळू नका. शुगर असेल, कधी टीबी झाला असेल तर स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधीच सांगा.

नजर सहसा दोन-तीन आठवड्यांत परतायला लागते, पुढे कित्येक महिने हळूहळू सुधारत राहते. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते घरच्यांना. तक्त्यावर सहा बाय सहा आलं की सगळे म्हणतात झालं बरं, आणि पेशंट बाई सांगत असते की रंग फिके वाटतात, संध्याकाळी पायऱ्या नीट कळत नाहीत, गरम पाण्याने अंघोळ केली की थोडा वेळ पुन्हा अंधुक होतं. हे खरं असतं, मनाचे खेळ नसतात. आधी सुजून गेलेल्या नसेतले संदेश उष्णतेने अडखळतात, अंग थंड झालं की परत दिसतं. पण अंग थंड होऊनही दिवसभर तसंच राहिलं तर डॉक्टरांना फोन करा. आणि पुढच्या तपासणीला नुसती अक्षरं वाचून उठू नका, रंगांची आणि फील्डची, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कितपत दिसतं त्याची, टेस्टही करून घ्या.