अजून कुठे फॉर्म भरलाय?

हा पुण्यातल्या एका शाळेचा पॅसेज, आज नर्सरी आणि ज्युनियर केजीचं इंटरॅक्शन आहे, म्हणजे प्रवेशाआधी शाळा मुलाशी आणि पालकांशी बोलते ते. फाइलींकडे बघा जरा. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, लाइट बिल नाहीतर भाडेकरार, पासपोर्ट साइज फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. ह्या ताईंच्या हातात तर तीन फाइली आहेत, आणि त्यातल्या दोन, दुसऱ्या शाळांच्या, आत जायच्या आधी नवऱ्याच्या बॅगेत जातात.

कारण आत एक प्रश्न हमखास येतो. अजून कुठे फॉर्म भरलाय? आणि लगेच पुढचा, आम्ही दिलं तर नक्की घेणार ना?

आत कॅमेरा नेता आला नाही, पण तालीम इथे बाकावरच चालू आहे. आई विचारतेय, बाळा, कुठल्या शाळेत जायचं? ह्याच! आणि अजून कुठे गेलो होतो आपण? पोरगं खुशीत सांगतं, ती मोठी घसरगुंडी होती ना तिथे! आई त्याच्या ओठांवर बोट ठेवते. साडेतीन वर्षांच्या मुलाला आपण हे शिकवायचं का?

शाळेला प्रश्न का पडतो तेही समजून घ्या, जागा मोजक्या असतात, दिलेली जागा जूनमध्ये रिकामी राहायला नको असते. पण पालक तरी काय करणार, प्रत्येक शाळेची यादी वेगळ्या तारखेला लागते, पहिल्या यादीत नाव आलं की दोन-चार दिवसांत फी भरा नाहीतर जागा गेली, आणि दुसऱ्या शाळेची यादी लागायचीच असते. म्हणून तीन-चार ठिकाणी फॉर्म भरणं हे साधं शहाणपण आहे, त्यात चोरी कसली!

तेव्हा सरळ सांगा. हो मॅडम, घराजवळच्या अजून दोन ठिकाणी भरलेत, ही शाळा आवडली कारण मुलगा चालत येऊ शकेल आणि इथे मैदान आहे. कारण मात्र खरं हवं, वेबसाइटवरून पाठ केलेलं नको. शाळांची नावं विचारली तर, ते राहू द्या ना मॅडम, एवढं हसून म्हटलं तरी चालतं. नक्की घेणार का विचारलं तर, यादी लागली की घरी बसून ठरवू, येणार नसलो तर त्याच दिवशी फोन करू.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १३ प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई करतं, पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. पण तो कायदा मुळात ६ ते १४ वयाच्या मुलांचा, त्यामुळे नर्सरीच्या दारात हे सगळं अजून चालूच आहे.

तीन फाइलींच्या ताईंनी आत खरं तेच सांगितलं. मुलाला दोन ठिकाणी मिळालं, त्यांनी घराजवळची घेतली आणि दुसरीला त्याच दिवशी कळवलं.