पल्सचा आकार बदलला की मेंदूचा फोटो बदलतो

हा बघा, करड्या मेंदूत एक पांढराशुभ्र डाग. हा डिफ्युजन एमआरआय आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा एमआरआय. स्ट्रोक आल्यावर तासाभरातही तो असा उठून दिसू शकतो, साध्या एमआरआयवर तेव्हा बहुतेकदा काहीच नसतं. पेशी सुजल्यात, पाण्याला हलायला जागा उरली नाही, म्हणून तो भाग उजळलाय.

पण पाण्याची हालचाल मशीनला कळते कशी? १९६५ साली स्टेइस्कल आणि टॅनरने दाखवलेली युक्ती आजही तीच आहे, आणि ती खरंच सुंदर आहे. पहिली ग्रेडियंट पल्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार क्षणभर कमी-जास्त करणारा झटका, पाण्यातल्या प्रत्येक प्रोटॉनवर (हायड्रोजनच्या केंद्रकावर) त्याच्या जागेची खूण करते, मध्ये १८० अंशाची रेडिओ पल्स येते, मग दुसरी ग्रेडियंट पल्स ती खूण पुसते. जो जागचा हलला नाही त्याची खूण पूर्ण पुसली जाते, जो सरकला त्याची थोडी राहते, आणि असे असंख्य मिळून एकमेकांचा सिग्नल खोडतात. खूण किती कडक आहे ते बी व्हॅल्यू नावाचा आकडा सांगतो. ती १००० (सेकंद प्रति चौरस मिलिमीटर) असली की मेंदूभोवतीच्या मोकळ्या पाण्याचा सिग्नल जेमतेम ५ टक्के उरतो आणि निरोगी मेंदूचा निम्म्याच्या आसपास, हाच तो कॉन्ट्रास्ट.

मग बी वाढवतच का नाही न्यायची? कारण त्यासाठी पल्स लांबवली की एको टाइम, म्हणजे सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ, वाढतो आणि तेवढ्यात टी-टूमुळे, म्हणजे सिग्नलच्या आपोआप होणाऱ्या क्षयामुळे, सिग्नलच विझत जातो, फोटोत नुसते दाणे उरतात. ग्रेडियंट जोरदार असेल तर तेवढंच काम कमी वेळात होतं. नेहमीच्या हॉस्पिटलातल्या मशीनवर ४० ते ८० मिलिटेस्ला प्रति मीटर (ग्रेडियंटचा जोर मोजायचं एकक) मिळतं, खास रिसर्चसाठी बनवलेल्यांवर ३०० किंवा त्याहूनही जास्त.

मला सगळ्यात जास्त भावतो तो पल्सचा आकार. नेहमीच्या पल्समध्ये पाणी ५० मिलिसेकंदांत साधारण १० मायक्रॉन सरकतं, म्हणजे जवळपास एका पेशीएवढं. त्याऐवजी वरखाली डोलणारी पल्स दिली तर आपण काही मिलिसेकंदांतलीच हालचाल मोजतो, पाणी पेशीच्या भिंतीपर्यंत पोचायच्या आधीची, त्यामुळे आतल्या बारीक रचनेचा अंदाज येतो. आणि तिन्ही दिशांचे ग्रेडियंट एकाच वेळी वळवत नेले तर तंतू कुठल्या दिशेला पळतात याचा फरकच पडत नाही, मग साध्या पल्सच्या फोटोशी तुलना करून ट्यूमरमध्ये पेशी लांबट आहेत की नुसत्या दाट-विरळ मिसळल्यात हे वेगळं काढता येतं. नुसत्या साध्या पल्सवर हे दोन्ही प्रकारचे ट्यूमर अगदी सारखेच करडे दिसू शकतात.